मले नाही सांगतलं

माझ्या वडिलांशी देव बोलतो, यात आमच्या घरात कुणाला नवल वाटत नव्हतं. सकाळी चहा घेताना बाबा म्हणायचे, "प्रभूनं मले सांगतलं, त्या कोपऱ्यावरच्या मावशीले भेटून ये." आई त्यांच्या डब्यात पोळ्या भरत म्हणायची, "मग ड्यूटीवरून येता येता जा." मावशी खरंच आजारी निघायच्या. कधी धडधाकट निघायच्या, तेव्हा बाबा चहा पिऊन, प्रार्थना करून परत यायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे वडील असेच असतात.

बाबा कळमेश्वरला एका कारखान्यात मशीनवर होते. नागपुरात हुडकेश्वरला आमचं छोटं घर होतं आणि त्यावर बाबांनी एक हॉल काढला होता. रविवारी तिथं मंडळी जमायची. धुणीभांडी करणाऱ्या बायका, एक रिक्षावाला, एका बँकेतले शिपाई, त्यांची मुलंबाळं. बाबांना पाळक, म्हणजे पास्टर, म्हणून कुणी नेमलं नव्हतं. लोक येत गेले आणि ते बोलत गेले. ढोलकी होती, पेटी होती, मराठी आणि हिंदी दोन्ही गाणी होती. अलीकडे मात्र उपासना सुरू झाली की खिडक्या लावून घ्यायची पद्धत पडली होती. गल्लीतल्या काही लोकांनी दोन-तीनदा विचारलं होतं, तुमच्याकडे रविवारी चालतं तरी काय. भांडण कधी झालं नाही, पण मेमध्येसुद्धा आम्ही बंद खिडक्यांच्या आत घामाघूम होऊन गायचो.

बाबा मूळचे भिवापूरकडचे, शेतकरी हिंदू घरातले. लग्न झालं तेव्हा ते फार प्यायचे. मिरचीच्या हंगामात मजुरीला जायचे आणि हातात आलेलं सगळं तिथंच संपवायचे. एका दुपारी ते वाळत घातलेल्या मिरच्यांच्या कडेला पडले होते. डोळ्यांची आग होत होती, उठवत नव्हतं. तेव्हा अगदी जवळून कुणीतरी म्हणालं, "घरी जा." त्यांनी मान वळवून पाहिलं. कुणी नव्हतं. ते उठले, घरी आले, आणि त्यानंतर त्यांनी दारूला हात लावला नाही. आवाज कुणाचा हेही त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. गावात एका ख्रिस्ती कुटुंबाकडे पाळक यायचे, त्यांनी बाबांचं ऐकून घेतलं आणि प्रार्थना करायला शिकवलं. पुढं घरच्यांनी बोलणं टाकलं, म्हणून आईबाबा नागपूरला आले. मग मी झाले.

ही साक्ष बाबा मंडळीत अनेकदा द्यायचे. मला ती पाठ होती, ते कुठं थांबतात, कुठं चष्मा काढतात, सगळं. मोठी होत गेले तसं मला त्यातलं माझं स्थानही कळत गेलं. तो आवाज नसता तर मी एका दारुड्याची मुलगी असते.

बारावीनंतर मी शहरातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र घेतलं. वर्गात ख्रिस्ती मी एकटीच. "तुमच्या घरी तांदळाची गोणी आली होती का गं?" म्हणजे तांदळासाठी धर्म बदलला का, असं एकानं पहिल्याच महिन्यात विचारलं आणि सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा फार त्रास झाला नाही, ते ओळखीचं होतं. त्रास झाला तो माझ्या मैत्रिणीचा, कारण ती कधीच हसली नाही.

ती उत्तर नागपूरची, बौद्ध घरातली. वाचायची भरपूर आणि बोलायची मोजकं. आमची मैत्री बसस्टॉपवर झाली. तिच्या पणजोबांनी घरातले सगळे देव एका टोपल्यात भरून नदीत सोडले होते, ही गोष्ट ती माझ्या बाबांच्या साक्षीसारखीच सांगायची, तिचेही थांबे ठरलेले.

"त्या दिवशी आमच्या घरातली भीती गेली," ती म्हणायची. "तुमचे बाबा तर तुमच्या देवळातून बाहेर पडले होते ना? मग दुसरा मालक काहून शोधला?"

"मालक नाही वं. बाप म्हणतो आम्ही."

"बापच तर मालक असते घरात," ती म्हणाली.

गोणीवाल्या मुलाला मी काहीही उत्तर दिलं असतं. हिला खोटं उत्तर देता येत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी आमच्या विभागातल्या एक मॅडम अपसामान्य वर्तन शिकवू लागल्या. मॅडम फार चांगल्या शिकवायच्या, कुठल्याही रुग्णाची नक्कल करून वर्गाला हसवायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, आवाज ऐकू येणे. मग खाली एकेक लिहीत गेल्या. आवाज बाहेरून आल्यासारखा वाटतो. आवाज आज्ञा देतो. त्या व्यक्तीला आपण निवडलेले आहोत असं वाटतं. मी वहीत उतरवत होते, आणि तिसऱ्या ओळीला पेन थांबलं. सकाळी बाबा म्हणाले होते, "प्रभूनं मले निवडलं, नाहीतर मी कोण?"

मॅडमनी पुढं हेही सांगितलं की प्रार्थनेत कुणाला काही ऐकू आलं म्हणून तो माणूस आजारी ठरत नाही. त्याचं रोजचं जगणं कसं चाललंय ते पाहावं लागतं. मी ते ऐकलं. तरी वर्ग सुटेपर्यंत मी मैत्रिणीकडे पाहिलं नाही, आणि तीही माझ्याकडे पाहत नव्हती, म्हणजे तिलाही तेच आठवलं होतं.

कँटीनमध्ये तिनं समोशाचा तुकडा मोडत हळूच म्हटलं, "तुझे बाबा आजारी नाहीत. चांगले आहेत. मला आवडतात. पण तो आवाज त्यांचाच आहे. दारू त्यांनीच सोडली. आपल्याच बापाचं श्रेय दुसऱ्याले काहून देता तुम्ही?"

ते इतकं प्रेमानं म्हटलेलं होतं की मला रडू आलं.

त्यानंतर काहीतरी बिघडलं. रविवारी बाबा बोलायला उभे राहिले की मी त्यांची मुलगी राहायची नाही. ते किती वेळा "मले" म्हणतात, कुठं आवाज चढतो, कुणाकडे पाहून बोलतात, हे माझ्या डोक्यात आपोआप टिपलं जायचं. बायका हात वर करून रडायच्या आणि मला समूहाच्या वर्तनाचा धडा आठवायचा. डोळे मिटून प्रार्थना करायला जावं तर आतून कुणीतरी विचारायचं, हे तू कुणाला सांगून राहिली? मी डोळे उघडायची. सगळ्यांचे मिटलेले असायचे. खिडक्या बंद, पंखा गरम वारा टाकतोय, आणि मी एकटी जागी. कॉलेजात मी विश्वास ठेवणारी होते आणि घरात न ठेवणारी, आणि दोन्हीकडे कुणाला काही कळू न देता बसायचं होतं.

विश्वास सोडून द्यावा असंही वाटायचं. एकदा ठरवून एक आठवडा मी प्रार्थना केली नाही. सुटल्यासारखं वाटेल असा अंदाज होता. पण बसमध्ये खिडकीशी बसले की मी कुणाशी तरी बोलायला लागलेली असायचे, आणि मग आठवायचं की आपण बोलणं बंद केलंय. असं किती दिवस चालणार, म्हणून मी ते ठरवणंच सोडलं.

तिसऱ्या वर्षी परीक्षा जवळ आली तेव्हा मॅडमनी मला बोलावून सांगितलं, तू एम.ए. कर, इथंच कर, तुला माणसं कळतात. त्या आनंदात मी घरी आले, पण सांगितलं नाही. रविवारी सांगू असं ठरवलं. त्या रविवारी उपदेश संपल्यावर बाबांनी मला पुढं बोलावलं. मला वाटलं, परीक्षेसाठी प्रार्थना करणार.

"मी शुक्रवारी उपासात होतो," बाबा मंडळीला म्हणाले. "प्रभूनं मले माह्या पोरीबद्दल सांगतलं. परीक्षा झाली की तिनं बायबल शाळेत जावं. दोन वर्षं. बाहेरच्या राज्यात आहे ती शाळा. ती सेवेसाठी वेगळी केलेली आहे."

कुणीतरी "आमेन" म्हणालं. मग सगळेच म्हणाले. बायका उठून आल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर हात ठेवले. बाबांनी माझ्या कपाळाला अभिषेकाचं तेल लावलं. ते ओघळून भुवईत आलं. सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करू लागले. ते सगळे हात मला लहानपणापासून माहीत होते. त्यातल्या काहींनी मला न्हाऊ घातलं होतं. त्या हातांखालून मान वर काढणं मला शक्य नव्हतं. मी डोळे मिटून उभी राहिले, आणि लोकांना वाटलं मी प्रार्थना करतेय.

त्या दिवसानंतर कुणी मला काही विचारलं नाही. का विचारावं? प्रभूनं सांगितलं होतं. रिक्षावाल्या काकांनी एक जुनी पण चांगली सूटकेस आणून दिली. एका मावशीनं ब्लँकेट दिलं, तिकडे थंडी असते म्हणून. नागपूरच्या उन्हात ते ब्लँकेट आमच्या पलंगाच्या पायथ्याशी पडून असायचं, आणि पाय लागला की नुसत्या स्पर्शानं घाम फुटायचा.

मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सोपं आहे. एकच गोष्ट मान. आवाज नाही. कोणी बोलत नाही. एवढं मानलं की तुले कुठंच जावं लागत नाही."

"आणि मग रविवारी?"

"रविवारी झोप काढ."

मॅडमनीही ऐकून घेतलं. "वडिलांना तुझ्याबद्दल काय भीती वाटतेय ते बघ," त्या म्हणाल्या. "शिकून तू त्यांच्या हातून जाशील असं वाटत असेल. माणसाला जे हवं असतं ते त्याला कधीकधी ऐकूही येतं." त्या बाबांशी बोलायला घरी यायला तयार होत्या. मी नको म्हटलं. मग त्या म्हणाल्या, पुढं कधी या विषयावर प्रकल्प करावासा वाटला तर तुझं घर हे फार मोलाचं उदाहरण आहे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बाहेर पडून जिना उतरताना मला वाटलं, बाबांना मी साक्ष म्हणून हवी आहे आणि मॅडमना उदाहरण म्हणून.

अडचण अशी होती की मैत्रिणीचं वाक्य मला बोलता येत नव्हतं. बोलले असते तर एम.ए. मिळालं असतं, माझं शहर मिळालं असतं, आणि भिवापूरची ती दुपार खोटी झाली असती. नाही बोलले तर सूटकेस होतीच. मी परीक्षेचा अभ्यास करायची आणि रोज विचारायची, अगदी साध्या शब्दांत, की मला जायचं आहे का. काही ऐकू यायचं नाही. कूलरचा आवाज तेवढा यायचा.

एका दुपारी आई आणि मी जमिनीवर बसून गहू निवडत होतो. बाबा ड्यूटीवर होते. मी विचारलं, "आई, तुला कधी ऐकू आलं?"

"काय?"

"बाबांना येते तसं. प्रभू बोलतो तसं."

आईनं सुपातून डोकं वर काढलं नाही. "नाही. कधीच नाही."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. इतकी वर्षं ती त्या माणसाशेजारी बसून आमेन म्हणत होती.

"मग तू कशावर विश्वास ठेवते?"

"तुहे बाबा घरी आले ना," आई म्हणाली. "दारात उभे होते. डोळे लाल, पण शुद्धीत. ते म्या पाह्यलं. आवाज त्याईले आला, माणूस मले भेटला." मग थोडे खडे बाजूला टाकून ती म्हणाली, "मी रोज बोलते त्याच्याशी. तो काही बोलत नाही माह्याशी. पहिले वाईट वाटे. आता नाही वाटत. शेजारी कोणी बसलं असलं अन् बोललं नाही तरी कळते ना आपल्याले, बसून आहे म्हणून."

आमच्या घरात असाही विश्वास राहत होता, आणि तो मला कधी दिसला नव्हता. मंडळीत आईनं कधी साक्ष दिली नव्हती. तिच्याकडे सांगण्यासारखी घटनाच नव्हती.

"तुले जायचं आहे का?" आईनं विचारलं. इतक्या दिवसांत हे विचारणारी ती पहिलीच.

"नाही."

"मग सांग त्याईले."

"तू सांग ना."

"मी सांगतलं तर भांडण होईन नवरा-बायकोचं. तुहं तू सांग."

दोन दिवसांनी, उन्हं कलताना बाबा मागच्या अंगणात कूलरमध्ये पाणी भरत होते आणि मी पाइप धरून होते. मी म्हणाले, "बाबा, मले नाही सांगतलं."

"काय नाही सांगतलं?"

"प्रभूनं. शाळेत जायचं म्हणून. मी रोज विचारून राहिली. मले काहीच नाही सांगतलं."

बाबांनी कूलरच्या खसच्या पडद्यावरून हात फिरवला. "मले सांगतलं ना बेटा."

"तुम्हाले 'घरी जा' म्हटलं, तेव्हा तुम्हालेच म्हटलं. आजोबाले सांगून तुमच्याकडे निरोप नाही पाठवला."

हे मी ठरवून आणलेलं वाक्य नव्हतं. बोलून झाल्यावर मला स्वतःलाच भीती वाटली. टाकी भरून पाणी खाली सांडायला लागलं तरी बाबा तसेच उभे होते. मी जाऊन नळ बंद केला.

"हे तुह्या मॅडमनं शिकवलं?"

"नाही."

"त्या मैत्रिणीनं?"

"ती तर म्हणते, कोणी बोलतच नाही."

"अन् तू काय म्हणतं?"

मला वाटलं होतं राग येईल. राग नव्हता. ते एखाद्या आजारी माणसाच्या खोलीबाहेर उभं राहून विचारावं तसं विचारत होते. मी म्हणाले, "मी अजून बोलते त्याच्याशी. कधी कधी वाटते कोणी नाही. तरी बोलते."

"म्हंजे विश्वास आहे का नाही?"

"आहे. थोडा आहे."

"थोडा म्हंजे किती?"

बाबांनी पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला आणि आत गेले. पुढचे काही दिवस ते फारसे बोलले नाहीत. ड्यूटीवर जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून जायचे, तो ठेवत होते, पण प्रार्थनेला ओठ हलायचे नाहीत.

रविवारी त्यांनी मंडळीला सांगितलं, "पोरीच्या जाण्याबद्दल प्रभू म्हणून राहिला, थांब. वेळ आली नाही." लोकांनी आमेन म्हटलं, त्याच जोरानं. सूटकेस परत गेली. ब्लँकेटवाल्या मावशींनी ब्लँकेट राहू दे म्हटलं.

मी सुटले होते. त्या रात्री मला आनंदानं झोप यायला हवी होती. पण मी विचार करत पडले. प्रभूनं खरंच "थांब" म्हटलं, की बाबांनी मला वाचवायला त्याच्या तोंडी ते घातलं? आणि हे घातलं असेल, तर आधीचंही घातलेलं असेल. माझ्यासाठी बाबांनी जे केलं, त्यानंच मैत्रिणीची बाजू खरी ठरत होती. मी जितकी मोकळी झाले तितकी अडकले. बाबांना विचारण्याची हिंमत झाली नाही. अजूनही विचारलेलं नाही.

मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती खळखळून हसली. "आवाजानं ऑर्डर मागे घेतली." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "अबे, सॉरी. पण तू आता तरी मानशील ना?"

"नाही," मी म्हणाले.

"काहून?"

"आई."

तिला ते कळलं नाही, गहू निवडतानाचं आईचं बोलणं मी तिला सांगितलंच नव्हतं. ती नाराज झाली. खरंच नाराज झाली, काही आठवडे आम्ही नीट बोललो नाही. तिला वाटत होतं तिनं मला दार उघडून दिलं आणि मी उंबऱ्यावरच बसून राहिले. बाबांनाही बहुतेक तेच वाटत होतं, फक्त दार दुसरं.

मी एम.ए. केलं, त्याच कॉलेजात, त्याच मॅडमकडे. प्रकल्प मी परीक्षेच्या ताणावर केला. माझ्या घराचं उदाहरण कुठंही दिलं नाही. मॅडमनी एकदा विचारलं, मग पुन्हा विचारलं नाही. आता मी एका दवाखान्यात समुपदेशनाचं काम करते. आवाज ऐकू येणारी माणसं माझ्यासमोर येऊन बसतात. त्यांच्यातली बरीचशी घाबरलेली असतात. त्यांचे आवाज त्यांना शिव्या देतात, धमकावतात, झोपू देत नाहीत. त्यांना औषध लागतं आणि मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवते, त्यात मला कधी शंका वाटली नाही. बाबांच्या बाबतीत मी हा प्रश्न उघडाच ठेवला आहे, आणि तो उघडा ठेवून त्यांच्यासोबत जेवायला बसणं सोपं नाही.

घरात एक गोष्ट मात्र कायमची बदलली. माझ्याबद्दल प्रभूनं काय सांगितलं, हे बाबांनी त्यानंतर मला कधी सांगितलं नाही. नोकरी लागली तेव्हा नाही, लग्नाची बोलणी मोडली तेव्हाही नाही. मला तेच हवं होतं. तरी कधी चहाच्या वेळी ते आईला म्हणतात, "प्रभूनं आज सांगतलं," आणि मी आले की वाक्य बदलतात, तेव्हा मला घराबाहेर ठेवल्यासारखं वाटतं.

रविवारी मी वर जाते. अजून खिडक्या बंदच असतात. मी मागे, आईच्या शेजारी बसते. काही रविवार असे जातात की घड्याळाकडे पाहण्यापलीकडे माझ्या हातून काही होत नाही. काही रविवारी गाणं चालू असताना मध्येच मी बोलायला लागते, मनातल्या मनात, दवाखान्यातल्या कुणाबद्दल तरी. उत्तर येत नाही.

मैत्रीण आता पुण्याला शिकवते. फोनवर भांडण चालूच असतं. मागच्या रविवारी दुपारी तिचा फोन आला.

"गेली होती का?"

"गेली होती."

"काही मिळालं?"

"गरम झालं फार," मी म्हणाले. ती हसली, मीही हसले. मग तिनं नागपुरातच असलेल्या तिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगायला सुरुवात केली, तारीख ठरली होती आणि तिला सुट्टी मिळत नव्हती. मी कोणत्या दवाखान्यात, कुठला वॉर्ड, रात्री कोण थांबणार ते विचारून घेतलं. पहिली रात्र मी थांबेन म्हणाले. मग ती म्हणाली, "तिथं प्रार्थना नको करू हं."

"मोठ्यानं नाही करत मी," मी म्हणाले.